नदीपलीकडचं बडोदं

पावसाळा ओसरायला लागला की भाद्रपदात एखादी सकाळ अशी उजाडते की हवेतली सगळी धूळ धुऊन निघालेली असते. अशा सकाळी आमच्या गच्चीवरून, कडुलिंबाच्या शेंड्यांपलीकडे, पावागड दिसतो. निळसर, एकटा. बडोद्याभोवती जिकडे पाहाल तिकडे सपाट जमीन, टेकाड म्हणावं असंही काही नाही, आणि मग पंचेचाळीसेक किलोमीटरवर अचानक हा आठशे मीटरच्या आसपास उंचीचा डोंगर उभा. लहानपणी मला वाटायचं, कोणीतरी तो दुसरीकडून आणून ठेवलाय.

माझे वडील सकाळी चहाचा पेला घेऊन गच्चीवर जायचे. (बडोद्याला गच्चीला अगाशी म्हणतात, आमच्या मराठी घरांतही तोच शब्द.) पेपर बगलेत तसाच असायचा, आधी डोंगर बघायचा. श्रावणात दोन दिवस लागोपाठ डोंगर ढगात बुडालेला दिसला, की खाली येऊन म्हणायचे, तांदळाचा डबा माळ्यावर टाका. स्कूटर चौकाकडच्या चढावर जायची, खालच्या कप्प्यातली पुस्तकं पलंगावर यायची. आमच्याकडे तेव्हा पाऊस असो वा नसो. आम्हा भावंडांना ती गंमत वाटायची. डोंगर, नदी आणि आमची गल्ली यांचा काय संबंध आहे, हे मला नीट कळायला २०२४ साल उजाडावं लागलं.

आम्ही राहतो ते अलकापुरी संपून अकोटा सुरू होतो तिथे. बडोदं माहीत नसलेल्यांसाठी सांगायचं तर, जुनं शहर विश्वामित्री नदीच्या पूर्वेला : मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागर, वाडे आणि पोळी, म्हणजे गल्ल्या. नदी ओलांडून पश्चिमेला आलं की सयाजीगंज, प्रतापगंज, फतेहगंज, आणि रेल्वेच्याही पलीकडे अलकापुरी. हे झाडांचं बडोदं. इथे रस्ते रुंद, बंगल्यांना फाटकं, फाटकापासून पायरीपर्यंत चार पावलं चालायला अंगण, व्हरांड्यात झोपाळा. मराठी घर असेल तर मागे तुळशीवृंदावन आणि कढीपत्ता. एप्रिलमध्ये गुलमोहर आणि पेल्टोफोरम एकदमच पेटतात, तेव्हा आमच्या गल्लीत लाल-पिवळ्या पाकळ्यांवरूनच सायकली जातात. भर उन्हात दांडिया बाजारातून अकोट्याचा पूल ओलांडून इकडे आलं की हवा बदललेली अंगाला कळते. उन्हाळ्यात ४२-४३ अंश रोजचे असलेल्या गावात हा फरक लहान नव्हे.

अलकापुरी हे नाव मला नेहमी विलक्षण वाटत आलंय. अलका म्हणजे कुबेराची नगरी, हिमालयातली. कालिदासाच्या यक्षाचं घर तिथेच, कैलासाच्या कुशीत. चढ म्हणून जिथे फक्त पुलाचा असतो, अशा सपाट गावातल्या वस्तीला पर्वतातल्या नगरीचं नाव द्यावंसं कोणाला तरी वाटलं. त्या वस्तीतला एक मुख्य रस्ता आर. सी. दत्त यांच्या नावाचा आहे. हे रोमेशचंद्र दत्त, इंग्रजी राजवटीने हिंदुस्थानची लूट कशी केली याचा आर्थिक इतिहास लिहिणारे. १९०४ साली ते बडोद्याच्या सेवेत आले, पुढे दिवाण झाले, आणि नोव्हेंबर १९०९मध्ये बडोद्यातच वारले. आज त्या रस्त्यावर हॉटेलं, बँका आणि शोरूम आहेत. शेजारच्या संपतराव कॉलनीला सयाजीराव महाराजांच्या धाकट्या भावाचं नाव आहे.

माझी आजी दांडिया बाजारात जन्मली, तिथेच लग्न होऊन नांदली. माझ्या वडिलांनी पलीकडे जागा घेतली तेव्हा ती म्हणाली होती, “तिकडे रानात कोण जाणार राहायला? रात्री कोल्हे ओरडतात.” पुढे पंचवीस वर्षं ती याच रानात राहिली, आणि कोणी जुन्या शहरातलं घर सुचवलं की म्हणायची, “तिथे श्वास घ्यायला जागा आहे का?”

*

पण हे ‘पलीकडे’ जुन्या शहरापेक्षाही जुनं आहे. ज्या अकोट्याच्या तोंडाशी आमचं घर, तेच प्राचीन अंकोट्टक. ८१२ सालचा राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाचा एक ताम्रपट आहे. त्यात वटपद्रक नावाचं गाव दान दिल्याचा उल्लेख येतो, आणि ते गाव अंकोट्टकाच्या हद्दीतलं. म्हणजे मोठं नगर हे, आणि वटपद्रक, वडांचं गाव, ते त्याचं खेडं. पुढे उलट झालं. खेडं वाढून वडोदरा झालं, नगर मातीखाली गेलं. विश्वामित्रीच्या पुरांनी लोकांना पूर्वेच्या उंचवट्याकडे ढकललं असावं, असं अभ्यासक सांगतात. १९५१ साली अकोट्याच्या मातीतून जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा निघाला, अडुसष्टेक मूर्ती. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. त्यांतली चामरधारिणी बडोद्याच्या संग्रहालयात उभी आहे. मी तिला अनेकदा पाहिलंय. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीच्या आसपास कोणीतरी ती ओतली, घासली, पुजली, हे तिच्यापुढे उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

मग काही शतकं हा किनारा शेतांचा आणि कोतरांचा राहिला. कोतर हा आमच्याकडचा शब्द, नदीच्या काठाला पाण्याने कापलेली घळ. गाळाची माती असल्यामुळे विश्वामित्री इथे खोल चिरत जाते आणि दोन्ही बाजूंनी अशी कोतरं तिला येऊन मिळतात. गायकवाडांची राजधानी पूर्वेला बहरली. पश्चिमेला इंग्रजांनी कॅम्प आणि रेसिडेन्सी वसवली. नदी म्हणजे दोन सत्तांमधली रेघच होती. १८७४च्या नोव्हेंबरात याच काठावर रेसिडेंट कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात विष सापडल्याचा गवगवा झाला. आळ बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला, चौकशी बसली, आणि १८७५मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आलं. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आणला गेला. तेच सयाजीराव. एका सरबताच्या पेल्याने बडोद्याचा इतिहास वळला, आणि त्या वळणावरच आमचं झाडांचं बडोदं उगवलं.

१८६१ साली रेल्वे आली तीही याच काठाने, आणि पुढच्या सगळ्या वाढीची दिशा ठरून गेली. १८७९मध्ये कामाटी बाग झाली, म्हणजे सयाजी बाग, शंभराहून अधिक एकरांची, खास सर्वसामान्य लोकांसाठी. पाठोपाठ बडोदा कॉलेज. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाखेचा तो प्रचंड घुमट, वास्तुकार रॉबर्ट चिझमच्या हातचा. १८९३ साली गुस्ताव क्रुंबिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याच्या सेवेत आला. पुढे म्हैसूरला जाऊन बंगळुरूच्या लालबागेला त्याने रूप दिलं, तिकडचे लोक त्याला अजून आठवतात. बडोदेकरांनी मात्र त्याचं नाव विसरावं, याची मला खंत वाटते. झाडं कुठे, किती अंतरावर आणि कोणती लावायची हे शास्त्र आहे, रस्ता आखतानाच सावलीही आखायची असते, ही समज त्या पिढीच्या दरबारात होती. १९१६ साली पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इथे आला आणि शहराच्या वाढीवर त्याने अहवाल लिहिला. त्याच्या हिंदुस्थानातल्या अहवालांतून एक आग्रह सतत दिसतो : जुनी तळी बुजवू नका, ती शहराची फुप्फुसं आहेत आणि पुराचे साठेही.

याच कामाटी बागेत एक वड आहे, ज्याच्यापुढे मी प्रत्येक पाहुण्याला नेते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून, करारानुसार नोकरीला बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून उतरले. काही दिवसांनी पारशांचा जमाव काठ्या घेऊन दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोघांकडेही सोय होईना. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाटी बागेत बसून काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस, स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, झाडाखाली. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. २३ सप्टेंबरला दूरदूरच्या गावांहून लोक येतात, निळे झेंडे असतात, बाया पारंब्यांना हात लावून नमस्कार करतात.

आमच्या भागाच्या सावलीचं कौतुक करताना हे मला बाजूला ठेवता येत नाही. रुंद रस्ते, बंगले, मोकळी हवा हे सगळं होतं, आणि तरी एका माणसाला एक खोली मिळाली नाही. बाग तेवढी सगळ्यांची होती, म्हणून निदान बसायला झाड मिळालं. सार्वजनिक बागेचं मोल काय, हे मला त्या वडाखाली जितकं कळलं तितकं कुठेच नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. पुढच्या वर्षी ललित कला विभाग आला आणि ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यामुळे प्रतापगंज-सयाजीगंजच्या वाटांवर देशभरचे चित्रकार दिसू लागले. नंतर कोयलीला रिफायनरी, मग पेट्रोकेमिकल्स. परप्रांतांतून माणसं आली, गोत्री, गोरवा, सुभानपुरा, जेतलपूर ही खेडी शहरात विरली. त्यांची नावं आता फक्त रस्त्यांवर आणि बसच्या पाट्यांवर उरली आहेत. अलकापुरीतले बंगले पडून कॉम्प्लेक्स झाले. हे सगळ्या शहरांत झालं, त्यावर अधिक लिहीत नाही.

*

पाण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं.

विश्वामित्री पावागडावर उगम पावते. विश्वामित्र ऋषींनी तिथे तप केलं, कालिका मातेची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे, नदीचं नाव त्यावरून. डोंगर दगडी, उतार तीव्र. पडलेलं पाणी झरझर खाली येतं आणि एकदम सपाटीवर पसरतं. पुढे बडोदं, मग ढाढर नदी, मग खंभातचं आखात. डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या माणसांना हे पाणी धरून ठेवावं लागतं हे फार पूर्वी कळलं होतं. सुलतान महमूद बेगड्याने १४८४मध्ये पावागड जिंकला आणि पायथ्याशी चांपानेर नव्याने वसवलं. त्या नगराला हजार विहिरींचं गाव म्हणतात, आणि गडाला शंभर तळ्यांचा डोंगर. २००४पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसास्थळ आहे. लोक तिथल्या जामा मशिदीचे मिनार आणि गडावरचं देऊळ पाहून येतात. मी मराठी वाचकांना सांगेन, तळी पाहा. टप्प्याटप्प्याने एकातून दुसऱ्यात पाणी उतरवणारी ती दगडी तळी पाहिली की कळतं, या लोकांनी डोंगराशी बोलून घेतलं होतं. (हा गड काही काळ ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. १८०३मध्ये इंग्रजांनी घेतला, वर्षभरात परत केला, आणि १८५३मध्ये पंचमहालाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला.)

बडोद्यानेही एकदा डोंगराचं पाणी असं धरून ठेवलं. जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहराच्या पूर्वेला आजव्याचा तलाव बांधला गेला, १८९२ साली पुरा झाला, सयाजी सरोवर. पावागडाच्या बाजूने उतरणारं पाणी अडवून शहराला पाजायचं. माझ्या आजीच्या घरी पहिला नळ आला तो आजव्याच्या पाण्याचा, आणि ती शेवटपर्यंत नळाला ‘आजवा’च म्हणायची. “आजवा आला का ग?” आजही जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला तेच पाणी येतं.

तलाव भरला की दारं उघडतात. मग ते पाणी विश्वामित्रीने आमच्याकडे यायला काही तास लागतात. बडोद्याच्या पुराचं हे गुपित आहे : आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबतो, ऊन पडतं, आणि नंतर पाणी चढतं. बाहेरून आलेल्या माणसाला हे पटतच नाही. वडील डोंगराकडे का बघायचे, ते आता सांगायला नको.

पूर्वी हे चढलेलं पाणी कोतरांत शिरायचं. नदी फुगली की कोतरं भरायची, वस्तीच्या मागे पंधरा-वीस फूट खोल तळी व्हायची, आठवड्याने ओसरायची. शिवाय कांसा होत्या, म्हणजे वाड्यावस्त्यांमधून पावसाचं पाणी नदीला नेणारे नैसर्गिक ओहोळ. छाणीकडून निझामपुऱ्यामार्गे येणाऱ्या भुखी कांसेचं नाव तरी बडोदेकर अजून घेतात, बाकीच्यांची नावंही गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कोतर होतं. त्यात बाभळी, बोरी, मोरांचं ओरडणं, कडेला मुंगसाची बिळं. संध्याकाळी आजी तिकडे फिरकू द्यायची नाही, मगर येते म्हणायची. येतही असे. नव्वदच्या दशकात एका बांधकामासाठी त्यात वर्षभर डबर पडत राहिलं. आम्ही रोज शाळेत जाता-येता ट्रक पाहायचो. एके दिवशी ते सपाट झालं, त्यावर सुबक रस्ता आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कदंब आणि सप्तपर्णी लावली. गल्लीतल्या कोणीही विरोध केला नाही, आमच्या घरानेही. झाडं लागली म्हणून बरंच वाटलं. एखादं झाड तोडलं तर आमच्या गल्लीत आरडाओरडा होतो, लोक खोडाला कवटाळून उभे राहतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण खड्ड्यासाठी कोण उभं राहणार? तो खड्डाच आमचं अंगण राखत होता, हे आम्हाला दिसलं नाही.

विश्वामित्रीच्या मगरी तर सगळ्यांना माहीत आहेत. २०२५च्या फेब्रुवारीतल्या मोजणीत शहरातल्या पट्ट्यात चारशेहून अधिक मिळाल्या. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध, सांडपाणी वाहणाऱ्या नदीत, एवढ्या संख्येने मगरी जगतात याचं कारणही हे काठच. मातीच्या तीव्र उतारांवर त्या बिळं करतात, वाळूत अंडी घालतात. काठ सिमेंटचे केले की त्यांचं घर जातं. नदीकाठ सुशोभनाच्या योजना आल्या, त्यांना आव्हान दिलं गेलं, राष्ट्रीय हरित लवादाने नदीच्या पूरक्षेत्राचं आणि कोतरांचं रक्षण करायला सांगितलं. या लढ्यात काही बडोदेकर वर्षानुवर्षं टिकून राहिले, त्यांचे आपण ऋणी आहोत.

*

३१ जुलै २०१९ला एका दिवसात शहरावर जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हा आमच्या पायरीला पाणी लागून गेलं. ती सूचना होती.

२०२४ साली २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. दिवसभर आणि रात्रभर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, आणि मग ३० ओलांडली, ३५ ओलांडली. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, ते तर चार थेंबांत भरतं, त्यामुळे त्यावर कोणी भरवसा ठेवलाच नव्हता. संध्याकाळी वीज गेली. पाऊस उतरला होता. आई आणि मी व्हरांड्यात उभ्या होतो आणि फाटकाखालून पाणी आत आलं, अगदी निमूट. आवाज नाही, लाट नाही. आधी अंगणातल्या फरशांच्या सांध्यांतून रेघा उमटल्या, मग फरशा दिसेनाशा झाल्या, मग झोपाळ्याची फळी तरंगू लागली आणि तिच्या पितळी कड्या वाजू लागल्या. रात्रभर त्या कड्यांचा आवाज येत होता. आम्ही वरच्या खोलीत बसून तो ऐकत होतो.

सकाळी गच्चीवरून पाहिलं तर आमची गल्ली नदी झाली होती. तिच्या दोन्ही काठांना ते कदंब, सप्तपर्णी छातीपर्यंत पाण्यात. जिथे कोतर होतं तिथेच प्रवाह सगळ्यांत जोरात होता. नदी आपली जुनी वाट विसरली नव्हती. अकोट्यात एका घराच्या छपरावर मगर बसल्याचं छायाचित्र त्या दिवसांत देशभर फिरलं. ते आमच्यापासून लांब नव्हे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गुजराती काकींनी दोरीला बांधून थेपल्यांचा डबा आमच्या गच्चीवर पोचवला, आईने रिकाम्या डब्यात मेतकूट भरून पाठवलं. पुरातही डबा रिकामा परत करायचा नाही.

पाणी ओसरल्यावर घरभर चिखल, इंचभर जाड, राखाडी, चकचकीत. कामाला आलेल्या माळीदादांनी बोटात घेऊन चोळला आणि म्हणाले, “ताई, हा डोंगरचा आहे. चांगला आहे. टाकू नका.” अर्धा त्यांनी झाडांना घातला. पुढच्या वर्षीचा मोगरा मी जन्मात पाहिला नव्हता असा फुलला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नदीचा गाळ काढला, काठ रुंद केले, आजव्याचीही खोली वाढवली. त्याचा उपयोग होईल. पण यंत्रांना नदी खोल करता येते, बुजलेलं कोतर परत आणता येत नाही. त्यावर आता माणसं राहतात, आणि त्यांचीही मुलं शाळेत जातात.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आतल्या बाजूने आईने कोळशाने रेघ मारून ठेवलीय : २८-८-२४. माझ्या खांद्याला लागते. तिच्या बऱ्याच खाली वडिलांच्या हातची फिकट रेघ आहे, त्यावरची तारीख पावसाने पुसली. रंगारी आले तेव्हा आईने तेवढा पट्टा सोडून बाकी भिंत रंगवायला सांगितली.

मागच्या बाजूला सात मजली इमारत उभी राहिल्यापासून गच्चीवरून पावागड दिसत नाही. पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी चढून, टाकीवर पाय दुमडून बसलं तर इमारतीच्या कडेने डोंगराचा अर्धा भाग दिसतो. या श्रावणात मी सकाळी फोनवर आजव्याची पातळी पाहायची आणि मग शिडी चढायची. आई खालून विचारायची, दिसतोय का?

एका सकाळी दिसला नाही. दुसऱ्याही सकाळी नाही. मी खाली आले तेव्हा आईने तांदळाचा डबा आधीच पायरीशी आणून ठेवला होता.